दिवसाढवळ्या कंदील

साडू हे नातं देवानं का निर्माण केलं असावं, याचा मी तीस वर्षं विचार करतोय. भाऊ असला तर वाटणी करून मोकळं होता येतं. मेव्हणा असला तर लग्नात कान पिळायचा मान देऊन कायमचा गप्प बसवता येतो. साडूचं काय करायचं? तोही आपल्यासारखाच जावई, त्याच मांडवाखालून आलेला, आणि सासुरवाडीत आपल्याच पाटाशेजारी त्याचाही पाट. माझ्या साडूचा अपराध तर त्याहून मोठा. तो चांगला माणूस आहे.

चांगल्या माणसाचा हेवा करणं किती कष्टाचं असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. वाईट माणसाची खोट रस्त्यावर पडलेली असते, वाकायचं आणि उचलायचं. चांगल्याच्या बाबतीत खणत बसावं लागतं. मी साडूमध्ये जेवढं खणलंय तेवढं कोरेगावच्या माळावर खणलं असतं, तर आजवर सात विहिरींना पाणी लागलं असतं.

कोरेगावात माझं जळक्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती छातीशी धरून माझ्याकडे येतो, मी जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरतो, आणि तोवर तो बाकड्यावर बसून राहतो. बसलेल्या माणसाला चहा आणि गोष्ट लागते. चहा समोरच्या टपरीवरनं येतो, गोष्ट माझ्याकडे असते. पुरात म्हशीच्या पाठीवर बसून मी वाईहून निघालो आणि कराडला उतरलो, ही माझी गोष्ट तालुक्याला पाठ आहे. पण माझी हुकमी गोष्ट वेगळीच. पेवाची.

माझी सासुरवाडी सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णाकाठी. तिथली माती अशी घट्ट, की जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा घेऊन त्यात हळद साठवायची. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम जाईल एवढं. आत मात्र खोलीएवढी जागा. त्याला म्हणायचं पेव. हळद भरायची, तोंड दगडानं आणि मातीनं बंद करायचं, वर्षं गेली तरी किडा लागत नाही. किडा लागत नाही कारण किड्याला जगायला आत हवाच नसते. आणि जिथं किडा जगत नाही तिथं माणूस काय जगणार? म्हणून पेव उघडलं की ते दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर थांबायचं. महापुरानं आता बरीच पेवं खाल्ली, पण माझ्या लग्नाच्या वेळी तो धंदा जोरात होता आणि माझ्या सासऱ्यांची स्वतःची पेवं होती.

तर माझी गोष्ट अशी. मी नवा जावई, हरिपूरला गेलेलो. एक हमाल कंदील न सोडताच पेवात उतरला आणि आतच कोसळला. वर पंचवीस माणसं, सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. मी अंगातला सदरा काढला, छाती भरून श्वास घेतला आणि त्या अंधारात उडी मारली. हमाल कसला, हत्तीचं पिल्लू! त्याला खांद्यावर टाकला आणि एका श्वासात वर घेऊन आलो. वर आल्यावर श्वास सोडला तर समोरच्या चार बायकांचे पदर उडाले. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय, की कित्येक मोटारी नुसत्या ती ऐकूनच सुरू झाल्या असतील.

यात खरं काय तेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. पेव खरं, हमाल खरा, मी तिथं होतो हेही खरं. बाकीचं आमच्या साडूनं केलं होतं. तेसुद्धा सगळं नाही. एक गोष्ट माझीच होती, पण ती मी कुणाला सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी बायकोनं सकाळी सकाळी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. आवाज असा, की मुलाला कलेक्टरची ऑर्डर आलीय.

"आवं, बघा तरी! दाजी सिनेमात हायेत!"

तिच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे साडूच्या बायकोनं, आक्कानं स्टेटसला फोटो टाकला होता. साडू पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसलेला, डोक्याला मुंडासं, हातात कंदील, मागं छत्री धरून उभी असलेली सिनेमाची माणसं. रहस्यपट होता. जुन्या पेवात एक प्रेत सापडतं, एक बाई इन्स्पेक्टर तपासाला येते, आणि हा खून तीस वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूला जाऊन भिडतो. सिनेमावाले पेवं शोधत हरिपूरला आले. पेवाची माहिती असणारा जुना माणूस कोण, तर साडू. त्यानं माहिती दिली, जुनी हकिगत सांगितली, आणि दिग्दर्शकानं त्याचा चेहरा बघून त्याला एक वाक्यही दिलं.

"एकच वाक्य?" मी विचारलं.

"एक असंना. तुमी घरात दिवसाला हजार बोलता, कुणी शूटिंग केलंय का?"

त्या दिवशी मी तीन मोटारी उलट्या बांधल्या. त्यातली एक म्हणे विहिरीतलं पाणी उपसायच्या ऐवजी शेतातलं पाणी विहिरीत ढकलत होती. आरशासमोर उभा राहून मी स्वतःला डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. नाक साडूपेक्षा सरळ, आवाज साडूपेक्षा खणखणीत. मुंडासं तर मी असं बांधतो की लग्नात लोक नवरदेव सोडून माझ्याकडे बघतात. आणि ज्या माणसाला जेवताना मीठ मागायची लाज वाटते, तो पडद्यावर!

दुकानात माझे दोन कायमचे श्रोते. एक सुभेदार, फौजेतनं निवृत्त, उसाची शेती आणि कडक मिशी सांभाळून असलेला. दुसरा बागवान, फळांचा व्यापारी, दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझ्या बाकड्यावर. काही महिन्यांनी सिनेमा लागला, त्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि दोघं उठून उभेच राहिले.

"गड्या," सुभेदार म्हणाला, "पेव, कंदील, आत पडलेला हमाल. ही तर तुझी गोष्ट हाय!"

"भाऊची गोष्ट चोरली!" बागवान म्हणाला. "घरच्याच माणसानं!"

इथं मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी साडूला चोर म्हटलं नाही. एक शब्द बोललो नाही. फक्त हातातला पाना खाली ठेवला, छताकडे बघितलं आणि एक सुस्कारा सोडला. आता सुस्काऱ्याचा अर्थ कुणी काय लावावा हे काय माझ्या हातात आहे? संध्याकाळपर्यंत अर्ध्या कोरेगावला ठाऊक झालं होतं, की सांगलीच्या साडूनं आमच्या माणसाची गोष्ट ढापली. मला चार दिवस फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी सुभेदार म्हणाला, "कराडजवळ मलकापूरला लागलाय तो पिक्चर. दुपारचा खेळ. चल, तुझी गोष्ट कशी बिघडवलीय बघू."

मी म्हटलं काम आहे. बागवान म्हणाला टेम्पो तयार आहे. फौजी आणि व्यापारी यांच्या मधोमध बसवलेला माणूस पळून जाऊ शकत नाही.

थेटरात साडू पहिल्या पंधरा मिनिटांतच आला. अख्ख्या पडद्याएवढा. त्याच्या एका नाकपुडीत माझं दुकान मावलं असतं. दोरी खाली सोडतो, वाट बघतो, काळा पडलेला कंदील वर ओढतो आणि म्हणतो, "विझला. आत माणूस जगत न्हाई." एवढंच. मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. एक बाई म्हणाली, "काय खरा वाटतो गं माणूस!" मी खुर्चीचा हात असा आवळला, की त्यावर माझ्या बोटांचे ठसे अजून असणार.

मग गोष्ट तीस वर्षं मागं गेली.

पेव नुकतंच उघडलेलं. हळद काढायची घाई. म्हातारा मालक, चार हमाल, घरचा थोरला जावई हातात कंदील घेऊन. आणि कोपऱ्यात नवा जावई: पांढरा सदरा, बोटात नवी अंगठी, केसांना तेल. थोरला म्हणतो, थांबा, कंदील सोडू दे. नवा जावई हसतो. अंगणातल्या बायकांकडे एकदा बघतो आणि मोठ्यानं म्हणतो, "दिवसाढवळ्या कंदील? तुमच्याकडं सूर्य उगवत न्हाई वाटतं!" सगळे हसतात. हमालही हसतो आणि कंदिलाशिवाय खाली उतरतो.

तो मी होतो. तोच सदरा, तेच वाक्य.

साडूनं सिनेमावाल्यांना खोटं काही सांगितलं नव्हतं. असंच झालं होतं. तेव्हा लग्नाला महिना झालेला. सासरे जे काही विचारायचे ते साडूला. हळद कशी आहे, ह्यांना इचारा. पेव कधी उघडायचं, ह्यांना इचारा. मी शेजारी बसलेलो, मला कुणी वेळसुद्धा विचारत नव्हतं. अंगणात माझी नवी बायको मैत्रिणींबरोबर उभी होती, आणि साडू तो कंदील असा पुसत होता, की जणू गावच्या देवाची मूर्ती. मला सहन होईना. मी ते वाक्य टाकलं, आणि बायको खुदकन हसली. एवढ्यासाठी एक माणूस खाली गेला.

साडू तेव्हा भांडला नाही. नुसतं म्हणाला, "कंदील न्हाई तर न्हाई, कंबरंला कासरा तरी बांधा." तो कासरा बांधला होता म्हणून. दोरी ढिली पडलेली त्यालाच दिसली, त्यानंच ओरडून सगळ्यांना ओढायला लावलं, आणि निळा पडलेला हमाल वर आला. शुद्धीवर यायला त्याला तासभर लागला. पुढं तो बरीच वर्षं जगला, नातवंडं खेळवली. मी त्या वेळी दोरीला हातसुद्धा लावला नव्हता. माझे पाय जमिनीला चिकटले होते.

सिनेमातला हमाल मात्र मेला. मालकानं ते अपघात म्हणून मिटवलं. तो हसरा जावई पुढं मोठा व्यापारी झाला, आणि सुरुवातीला पेवात सापडलेलं प्रेत त्याचंच, छातीवर विझलेला कंदील. म्हणजे एका तिकिटात मी खुनी झालो आणि मेलोही.

मध्यंतरात सुभेदारानं पॉपकॉर्न हलवत निकाल दिला, "त्या जावयाला कुणी मारला ते मला ठावं न्हाई. पण ज्यानं मारला त्याला पदक द्या."

"एवढं काय?" मी म्हटलं. "जरा हसला तर."

"जरा?" बागवान म्हणाला. "दुसऱ्याच्या जिवावर मस्करी करतो ते जरा? बाकी भाऊ, तू तिथं होतास न्हवं? खरोखर असा कुणी जावई होता काय?"

"गर्दी होती," मी म्हटलं. "लक्षात न्हाई."

उरलेल्या सिनेमात खुनी सापडला. मेलेल्या हमालाची मुलगी, जिनं पुढं हळदीचाच धंदा केला. तिनं त्या व्यापाऱ्याला जुनं पेव दाखवायला नेलं, तो खाली उतरताना कंदील मागू लागला, आणि ती हसून म्हणाली, "दिवसाढवळ्या कंदील कशाला?" थेटर गार पडलं. खुनी तीच हे मी मध्यंतराआधीच ओळखलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही ओळखलं आणि ओरडून सांगितलं नाही.

परत येताना दोघं सबंध रस्ताभर साडूला शिव्या देत होते. गोष्ट चोरून वर नाव स्वतःचं लावलं म्हणून. टायटलला साडूचे आभार मानले होते ना! मी खिडकीतून ऊस बघत बसलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कसा होता? मी म्हटलं, लांबलाय. ती म्हणाली, "आक्काचा फोन आलता. जत्रेला ती दोघं येणारेत."

जत्रा पंधरा दिवसांवर होती. त्या पंधरा दिवसांत मी सुभेदाराला जेवायला बोलावू नये म्हणून देवाला काय काय कबूल केलं, ते त्या देवालाही आठवत नसेल. पण जत्रेचं जेवण आणि सुभेदार नाही, हे तो फौजेतनं परतल्यापासून कधी झालेलं नव्हतं. बागवानही असतोच. आमच्याकडे बोकड मुलाणी हलाल करून देतो, त्यामुळं जत्रेला हिंदू-मुसलमान सगळी माणसं एका पंगतीत बसतात. एरवी या गोष्टीचा मला अभिमान वाटतो. त्या दिवशी नाही वाटला.

भर दुपारी मांडवात पंगत बसली. साडू माझ्या समोर, त्याच्या एका बाजूला सुभेदार, दुसऱ्या बाजूला बागवान. मुद्दाम बसले होते. बायको आणि आक्का वाढत होत्या. पहिली भाकरी मोडली आणि सुभेदारानं तोफ डागली.

"पाव्हणं, एक इचारू? राग मानू नका."

"इचारा की."

"पेवात जीव धोक्यात घालून उतरला आमचा गडी. आणि सिनेमात आभार तुमचं. ह्याचं नाव घालायला काय झालं हुतं?"

साडूनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. पण तेवढ्यात त्याला सगळं कळलं: माझी हुकमी गोष्ट, तीस वर्षांचं बाकडं आणि तो सुस्कारासुद्धा. मी डोळ्यांनी काय सांगितलं ते मलाच माहीत नाही. बहुतेक हात जोडले असावेत.

"चुकलंच माझं," साडू म्हणाला. "उतरलं ह्येच हुतं."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, एक भाकरी चावून होईपर्यंत. मग तो पुढं सांगायला लागला.

आयुष्यभर जो माणूस मीठ मागत नाही, तो बोलायला लागला, आणि कसा! हळू. एक वाक्य बोलायचा, रश्श्यात भाकरी बुडवायचा, थांबायचा. सगळी पंगत त्याच्या बोटांकडे बघत होती. वाढणाऱ्या दोघीही थबकल्या. दोरी ढिली पडली त्या क्षणाशी तो आला, तेव्हा बागवानानं तोंड उघडलं ते मिटलंच नाही. मी तीस वर्षं ही गोष्ट सांगतोय. हत्तीचं पिल्लू घातलं, पदर उडवले, पण असं कुणाचं तोंड उघडं राहिलेलं मी बघितलं नव्हतं.

"आणि सिनेमात त्यो हसणारा जावई हाय न्हवं," साडू शेवटी म्हणाला, "त्यो मी. कंदिलाला मीच हसलो. लय वर्षं मनात हुतं. म्हणून सिनेमावाल्यास्नी सांगितलं."

आक्काच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. तिला खरं ठाऊक होतं, बायकोलाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग सुभेदार उठला. भरल्या पंगतीत, उष्ट्या हातानं, फौजी माणूस ताठ उभा राहिला. "पाव्हणं," तो म्हणाला, "आपली चूक चार माणसांत कबूल करायला छाती लागते. लढाईत लय बघितली माणसं. असला न्हाई बघितला." आणि स्वतःच्या पानातली मटणाची नळी उचलून त्यानं साडूच्या पानात ठेवली. बागवानानं साडूच्या पाठीवर हात ठेवला. कुणी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. एका श्वासात हमालाला वर आणणारा वीर समोर बसलेला, आणि त्याला कुणी विचारेना! माझ्या शौर्यापेक्षा माझी चूक जास्त चालली होती, आणि तीही त्याच्या नावावर. माझा गुन्हा त्यानं अंगावर घेतला हे मी एकवेळ सोसलं असतं. पण माझ्या गुन्ह्यावर त्यानं टाळ्या घ्यायच्या? माझ्या गुन्ह्यावर नळी?

"खोटं हाय!" मी ओरडलो. असा ओरडलो, की देवळावरची कबुतरं दोन दिवस परत आली नसतील. "हसलो त्यो मी हुतो! ते वाक्य माझं हाय! ह्यो तर कासरा बांधा म्हणत हुता! ह्यानंच वर काढला! मी हात लावला न्हाई, पेवात उतरलो न्हाई, खांबागत हुबा हुतो! गुन्हा माझा हाय, ह्याचा न्हाई!"

आणि मग ऐकू आलं मी काय बोललो ते.

सुभेदार अजून उभाच होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, साडूकडे बघितलं, साडूच्या पानातल्या नळीकडे बघितलं. मग खाली बसला. नळी त्यानं परत घेतली नाही आणि माझ्या पानातही टाकली नाही. "म्हंजे म्हशीची बी..." तो पुटपुटला आणि तिथंच थांबला. बागवान म्हणाला, "जाऊ द्या, सुभेदार. एका जेवणाला एक खोटं लय झालं."

बायको रस्सा घेऊन माझ्यासमोर आली. तिनं आधी साडूला वाढलं, मग माझ्या वाटीत पळी ओतली, आणि खाली वाकून फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मी बी हसले हुते त्या दिवशी. माझं नाव का न्हाई घेतलं?" आणि पुढं गेली.

जेवण होऊन आम्ही दोघं साडू हात धुवायला हौदावर गेलो. त्यानं आधी माझ्या हातावर पाणी घातलं. थोरला असून. मी म्हटलं, "तुमी कशाला माझं अंगावर घेतलं?"

"जत्रा हुती," तो म्हणाला. "पाव्हण्यासमोर तुमास्नी भरल्या पानावरनं कशाला उठवायचं?"

त्यानं पंच्याला हात पुसले, दोन पावलं गेला आणि मागं वळला.

"एक सांगू? तुमी सांगितलं ते खरं, पण घाईनं सांगितलंत. 'हसलो त्यो मी' म्हणल्यावर जरा थांबायचं हुतं. माणसाला श्वास घिऊ द्यायचा. मग कासरा."

मी तिथं हौदाजवळ उभा राहून मनातल्या मनात ते वाक्य त्याच्या पद्धतीनं म्हणून बघितलं. हसलो त्यो मी. थांबलो. मग कासरा.

मेल्याचं बरोबर होतं.